छत्राच्या आत, छत्राच्या बाहेर

कंपनी माणसाला सांभाळते की नाही, हे भिंतीवरच्या घोषणांवरून ठरवू नये, असं भिलाईच्या पोलाद कारखान्याचा विचार करताना पुन्हापुन्हा वाटतं. 1955च्या सोव्हिएत करारातून हा कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. पण भट्टीइतक्याच गांभीर्याने इथे सेक्टरवार क्वार्टर्स, शाळा आणि सेक्टर 9चं मोठं रुग्णालय बांधलं गेलं. रात्रपाळीला गेलेल्याला घरी तापाने फणफणलेल्या पोराची धास्ती नसेल, तर त्याचं लक्ष वितळलेल्या लोखंडावर राहतं. महाभारतातल्या कथा पंडवानीतून गाणाऱ्या तीजनबाईंना याच कारखान्याने नोकरी दिली, तीही मला याच वृत्तीतली वाटते.

सरकारी पैशावर हे कुणीही करेल, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. सरकारी पैसा पुष्कळ ठिकाणी आला, सगळीकडे असं गाव वसलं नाही. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो बोचतो. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींतले कंत्राटी मजूर या सोयींच्या छत्राबाहेर होते. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि 1983मध्ये त्यांनी स्वतःचं शहीद रुग्णालय उभं केलं. म्हणून कंपनी माणसाला सांभाळते का, हे फक्त कायम नोकरीतल्यांना विचारून भागणार नाही. कंत्राटदाराच्या माणसाला भट्टीजवळ भाजलं, तर त्याला कुठल्या रुग्णालयात नेतात आणि घरी पडून असलेल्या दिवसांची मजुरी त्याला कोण देतं, हे विचारावं लागेल.