वेबलीवरची पुसलेली अक्षरे

ओहायोतल्या जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनात मी पहिली वेबली रिव्हॉल्व्हर घेतली ती विक्रेत्याच्या एका वाक्यावर भाळून: ही कूतच्या वेढ्यात होती. माझे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ते मेसोपोटेमियात गेले, २९ एप्रिल १९१६ ला कूत-अल-अमारा पडल्यावर तुर्कांच्या कैदेत सापडले आणि घरी परतलेच नाहीत. आमच्याकडे त्यांचा साधा फोटोही नाही. रिव्हॉल्व्हर असे ती अधिकाऱ्याकडे, शिपायाकडे नव्हे, हे मला ठाऊक होते. तरी कूतचे नाव ऐकले आणि मी घासाघीससुद्धा केली नाही.

फ्रेमवर ‘मार्क ६’च्या शेजारीच साल ठोकलेले होते: १९१७. ते मी वाचलेही होते. इंग्रजांनी कूत १९१७ च्या फेब्रुवारीत परत घेतले, तेव्हाची असेल, अशी पळवाट विक्रेत्याच्या वतीने मीच शोधून काढली.

सिलिंडरकडे तर नीट पाहिलेच नाही. वेबली .४५५ च्या काडतुसाची. अमेरिकेत ते मिळणे कठीण, .४५ एसीपी मात्र मुबलक. म्हणून इथे आलेल्या कितीतरी वेबलींच्या सिलिंडरची मागची बाजू तासून, क्लिपमध्ये बसवलेली एसीपी काडतुसे चालतील अशी सोय करण्यात आली. माझीही तशीच निघाली. तासलेली वेबली संग्राहक कमी किमतीला मागतात, आणि एसीपीचा नेहमीचा दाब तिच्या मूळ घडणीला झेपण्यापलीकडचा असतो. मी ती झाडली नाही, एवढेच बरे.

या दोन चुकांनी पैसे गेले. तिसरीची भरपाई कशानेही होणार नाही. मुठीच्या मागच्या धातूच्या पट्टीवर तपकिरी थराखाली काही अक्षरे आणि आकडे अंधूक दिसत होते. ते स्पष्ट वाचता यावेत म्हणून मी बारीक स्टील वूल आणि तेल घेऊन बसलो. थर निघाला, पट्टी उजळली, आणि मुळात उथळ ठोकलेली अक्षरे गेली. मग डाग दिसू नयेत म्हणून वरून ब्लूइंगचा निळसर-काळा थरही चढवला. ब्रिटिश सैन्यात पलटणीच्या खुणा बहुधा याच पट्टीवर असत. एका जाणत्या संग्राहकाला नंतर ती दाखवली. त्याने पट्टी उजेडात धरून हळूहळू फिरवली आणि विचारले, घासण्याआधीचा फोटो आहे का? नव्हता.

ती रिव्हॉल्व्हर कोणत्या पलटणीत होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. कूतची कहाणी खोटी ठरली याचे दुःख ओसरले. खरी कहाणी, मग ती कुठल्याही पलटणीची असो, माझ्या हाताने पुसली गेली याचे ओसरत नाही.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या फौजेतले काही असेल, तलवार, पदक, संगीन, तर त्याला चिंच, राख किंवा पॉलिश लावू नका. आधी तिरप्या उजेडात प्रत्येक अक्षराचा फोटो काढा. बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर असेल, तर परवान्याची चौकशी सगळ्यांत आधी करा.