उरलेल्या भाजीचा भरला बर्गर

मला बर्गर फार आवडतो, असे मी सगळ्यांना सांगायचे. पण खरे सांगायचे तर मी तो एकदाच खाल्ला होता, आणि तोही अर्धाच. म्हणून आज मी घरी केलेल्या बर्गरची गोष्ट लिहिणार आहे.

एका सोमवारी माझी मैत्रीण म्हणाली, "काल आम्ही दुकानात बसून बर्गर खाल्ला." मी घरी गेले नि बाबांजवळ हट्ट धरला. माझे बाबा लोखंड बाजारात माथाडी काम करतात. आमच्या कळंबोलीचा लोखंड बाजार फार मोठा आहे. तिथे ट्रक भरभरून सळया आणि पत्रे येतात. काही माल क्रेनने उचलतात, पण सगळाच नाही. बाकीचा माणसे उचलतात. असे ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी आपल्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. बाबा खांद्याला तेल चोळत होते. ते म्हणाले, "पगार झाला की बघू हं." मला राग आला. मी जेवताना कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी छोट्या सुट्टीसाठी आईने डब्यात पाव आणि बटाट्याची सुकी भाजी दिली. मला वाटले, रोज काय तो बटाटा! मी हळूच मागे गेले आणि भाजी-पाव कुंपणापलीकडे टाकून दिले. लगेच कावळे आले. मी रिकामा डबा धुऊन दप्तरात ठेवला.

घरी आल्यावर आजीने विचारले, "भाजी पुरली का गं?" मी म्हणाले, "हो, सगळी खाल्ली." आजीला केवढा आनंद झाला!

रात्री मी अंथरुणात पडले होते, पण जागी होते. आई आजीला म्हणत होती, "आत्याबाई, काल तुम्ही नुसत्या चटणीसंगं भाकर खाल्ली. भाजी होती की!" आजी म्हणाली, "पोरीच्या डब्याला नको का? वाढीचं अंग हाय तिचं."

म्हणजे मी टाकलेली भाजी आजीच्या वाटणीची होती! मला रडू आले. मी तोंडावर गोधडी ओढून घेतली.

शनिवारी मी आजीला विचारले, "आजी, तुला भूक लागत नाही का?" आजी हसली. तिचे माहेर बीड जिल्ह्यातले. ती म्हणाली, "भूक काय असती ते बहात्तरच्या दुष्काळात बघितलं बाई. म्या तुझ्याएवढीच व्हते. हिरीत पाणी नव्हतं. आई-बाप खडी फोडायला जायचे. मिलोची लाल भाकर खायची, नाहीतर सुकडी." मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा सरकारने दुष्काळी कामे काढली होती. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आजी अजूनही ताटातला भाकरीचा चुरा बोटाने टिपून खाते. पूर्वी मला त्याचे हसू यायचे. आता येत नाही.

मग रविवारी मी आजीला म्हणाले, "आज आपण जे उरलंय त्याचाच बर्गर करू." आईने फ्रीज उघडून बघितले. रात्रीची थोडी बटाट्याची भाजी होती, वाटीभर मटकीची उसळ होती, कोबीचा तुकडा होता. टोपलीत एक वाळलेली भाकरी आणि कालचे सहा पाव होते. रात्रीचा थोडा भात बाहेरच राहिला होता. त्याला तार सुटली होती. आजी म्हणाली, "ह्यो नको." मी म्हणाले, "तूच म्हणतेस ना, अन्न टाकू नये?" आजी म्हणाली, "अन्न टाकू नये, पण नासलेलं खाऊबी नये. लागंल तेवढंच शिजवावं." आई म्हणाली, पावाला बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा काढून चालत नाही, कारण बुरशी आतपर्यंत गेलेली असते. पावसाळ्यात आपल्याकडे हवा दमट असते, म्हणून पावाला लवकर बुरशी येते. आमचे पाव चांगले होते, फक्त कडक झाले होते.

आता कृती सांगते. प्रथम उसळीचे पाणी निथळून घेतले. बटाटा आणि मटकी हाताने कुस्करली. भाकरीचा बारीक चुरा करून त्यात घातला. त्यामुळे सारण घट्ट होते. नंतर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, दोन चमचे बेसन आणि चवीपुरते मीठ घातले. भाजीत आधीच मीठ असते, म्हणून जपून घालावे. एका वाटीत शेंगदाण्याची चटणी घट्ट दह्यात कालवली. मग गोळ्याची वाटी करून त्यात चमचाभर चटणी भरली आणि पुरणपोळीच्या उंड्यासारखे तोंड बंद केले. हलक्या हाताने चपटे केले.

माझी पहिली टिक्की तव्यावर फुटली. चटणी बाहेर आली आणि करपली. आजी म्हणाली, "लई भरलीस. आणि हाताला पाणी लाव, चिरा पडणार नाहीत." दुसरी टिक्की तव्याला चिकटली, कारण तवा तापलाच नव्हता. तिसरी मात्र छान झाली. आईने सांगितले की शिळे पदार्थ आतपर्यंत वाफाळेस्तोवर गरम करावेत, म्हणून आम्ही मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजू भाजल्या. तव्याचे काम आईनेच केले, मी फक्त उलटत होते. कडक पावांवर पाण्याचा हबका मारून ते तव्यावर झाकून ठेवले. वाफेने ते ताज्यासारखे मऊ झाले! मग पावात टिक्की, कोबी आणि कांद्याची चकती ठेवली. झाला आमचा भरला बर्गर.

सारण कुस्करताना मी आजीला सगळे खरे सांगून टाकले होते. माझा आवाज रडवेला झाला. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खोटं बोललीस त्याचं वाईट वाटलं. भाजीचं म्हणशील तर कावळ्यानं खाल्ली ना? मग वाया नाही गेली. पण पुन्हा असं करू नको." तिने पिठाच्या हातानेच माझ्या गालाला हात लावला. माझा गाल पांढरा झाला.

सोमवारी मी बाईंना बर्गर कुठला ते विचारले. बाई म्हणाल्या, बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून पडले. पाव आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणला आणि पाव हा शब्दही त्यांचाच. बटाटा आणि शेंगदाणे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ज्वारीसुद्धा फार फार पूर्वी आफ्रिकेतून आली. मला नवलच वाटले. एवढे सगळे देश आमच्या एका तव्यावर आले होते! मी बाईंना म्हणाले, "पण चटणी आमच्या आजीची आहे." बाई हसल्या.

बर्गर सहाच झाले. बाबांनी दोन खाल्ले. ते म्हणाले, "दुकानातला काय असा लागतो?" मी म्हणाले, "दुकानातल्यापेक्षा छान लागतो." ते मी खोटे बोलले नाही. आजीने एक खाल्ला. मी म्हणाले, "अजून एक घे." ती म्हणाली, "पोट भरलं." पण आता मला तिचे हे बोलणे खरे वाटत नाही. म्हणून मी माझ्यातला अर्धा तिच्या ताटात ठेवला आणि ती खाईपर्यंत तिथेच बसले.

डब्याची गोष्ट मी बाबांना अजून सांगितलेली नाही. पालकसभेला ते हे भित्तिपत्रक वाचायला येतील, तेव्हा त्यांना कळेल. बाबा, मी पुन्हा डबा टाकणार नाही. आणि पगार झाला तरी बर्गर आणू नका. त्या पैशात आजीसाठी तिला आवडतात ती केळी आणा.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी काय उरते ते एकदा बघा. आणि डब्यात जे असेल ते टाकण्याआधी, ते कोणाच्या ताटातून आले आहे ते घरी विचारा.