वरखर्च

पोर्शेच्या ९११ची छापील किंमत बघून जो हिशेब मांडतो, त्यानं गाडी मागवायला अजून सुरुवातच केलेली नसते. त्या किमतीत मिळणारी गाडी उत्तमच असते. पळते, थांबते, देखणी दिसते. पण तशी कोरी गाडी मागवणारा माणूस विरळा. खरा खेळ सुरू होतो तो पर्यायांच्या यादीपासून. संगणकाच्या पडद्यावर गाडी संथपणे स्वतःभोवती फिरत असते, बाजूला रंग, चाकं, आसनं, शिलाई, दिवे अशी प्रकरणं एकामागून एक उघडत जातात, आणि कोपऱ्यातला किमतीचा आकडा दर टिचकीला थोडा वर सरकतो. खाली येताना तो क्वचितच दिसतो.

माझा भाचा बरीच वर्षं श्टुटगार्टला आहे. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, पण या नात्याचा दोन्हीकडे फारसा कुणाला पत्ता नसावा.) कामाला जायचा त्याचा रस्ता त्सुफनहाउझेनच्या कारखान्यावरून जातो. सकाळ-संध्याकाळ त्या भागात नव्याकोऱ्या ९११ हिंडताना बघून जे व्हायचं तेच झालं. घराचं कर्ज आटोक्यात आलं तशी त्यानं गाडी नोंदवली आणि मला फोन केला, ‘मामा, यादी पाठवलीय, जरा नजर टाक ना. महिनाअखेरीला लॉक होते, मग काही बदलता येत नाही.’

मला ही गाडी घ्यायची नाही, घेणं या जन्मी शक्यही नाही, तेव्हा सल्ला द्यायला माझ्याइतका मोकळा माणूस त्याला कुठे मिळणार! आमच्या घरी स्कूटर आली ती नंबर लागेल तेव्हा आणि असेल त्या रंगात. रंग विचारायची पद्धतच नव्हती. त्यामुळे निवड करण्याची माझी सगळी हौस मी दुसऱ्यांच्या गाड्यांवरच भागवत आलो आहे.

यादी उघडली आणि लग्नाचा बस्ता बांधायला बसल्यासारखं झालं. ‘नुसतं बघून तर ठेवा’ म्हणत दुकानदार घडीवर घडी उलगडत जातो आणि शालू राहतो बाजूला, माणूस मानपानाच्या टॉवेल-टोपीत अडकून पडतो, अगदी तसं. शिवणीचा दोरा वेगळ्या रंगाचा हवा? मिळेल. सीटबेल्ट लाल, पिवळे, निळे? मिळतील. डोकं टेकायच्या उशीवर घोड्याचं बोधचिन्ह उठवून हवं? हो. किल्ली गाडीच्या रंगात रंगवून, वर तिला चामड्याचं पाकीट? तेही. मागच्या काचेचा वायपरसुद्धा वेगळा मागावा लागतो.

या सगळ्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो एका अगदी बिनकामाच्या वस्तूवर. एसीची हवा ज्या झरोक्यांतून येते, त्यांच्या आडव्या पट्ट्या चामड्यात मढवून मिळतात. पट्टी म्हणजे केवढी? करंगळीपेक्षाही अरुंद, धारेला पातळ आणि हलवायची म्हणून दोन्ही टोकांना मोकळी. तिच्यावर चामडं चढवायचं तर ते आधी कडेला तासून जवळजवळ कागदाइतकं करायला हवं, नाहीतर दुमडीपाशी गाठ दिसते. ओढून बसवताना जरा जास्त ताण पडला तर पृष्ठ फाटतं, कमी पडला तर सुरकुती. शिवाय पट्टी जाड झाली तर ती शेजारणीला घासणार. मग गोंद, मग बोटानं दाबत दाबत कड सारखी करणं. हे हाताशिवाय होत नाही. फ्यूजच्या पेटीचं झाकणही असंच चामड्यात मढवून देतात. ते झाकण असतं पायांपाशी अंधारात, आणि उघडायची वेळ आलीच तर तो दिवस मालकाच्या दृष्टीनं चांगला नसतो. यावर पैसे घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे असं माझं मत आहे. पण ते करणाऱ्या हातापुढे मी मान तुकवतो.

भाच्याला त्यात रस नव्हता. तो इंजिनिअर. त्याचा जीव यंत्राच्या पर्यायांत. ‘स्पोर्ट क्रोनो घेतलं की डॅशबोर्डच्या मधोमध स्टॉपवॉच येतं आणि स्टिअरिंगवर मोड बदलायची खुंटी,’ तो सांगत होता. आणि वेग? ९११च्या या पिढीतल्या सुरुवातीच्या साध्या कॅरेराला थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटर गाठायला ४.२ सेकंद लागत, क्रोनो घेतलं की ४.०. दोन दशांश सेकंद. तेवढ्यात माझी पापणी लवत असेल. पण त्या दोन दशांशांसाठी गिऱ्हाईक आनंदानं पाकीट उघडतं. तसं ते उघडलं नसतं तर सगळं क्रीडा-मोटारींचं दुकानच बंद पडलं असतं.

सिरॅमिक ब्रेकवर आमचं मात्र वाजलं. बिडाच्या तबकडीपेक्षा सिरॅमिकची तबकडी सुमारे निम्म्या वजनाची, ट्रॅकवर तापून तापून थकत नाही, चाकांवर काळी पूड बसत नाही. सगळं खरं. पण तिचे कॅलिपर मुळात पिवळे असतात, आणि पार्किंगमध्ये तो पिवळा रंग चाकाच्या आऱ्यांतून बरोबर दिसतो. ‘तू ट्रॅकवर कितीदा जाणार?’ मी विचारलं. तो गप्प. ‘मग पिवळं कुणाला दाखवायचंय?’ त्यावर त्यानं सांगितलं की हेच ब्रेक काळ्या कॅलिपरसह मागवता येतात, म्हणजे महागडे घ्यायचे आणि कुणाला कळू द्यायचं नाही. हा दिखाऊपणाचा उलटा प्रकार झाला, आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो.

मागची चाकं वळवणारी यंत्रणा मात्र त्यानं घ्यावी असं मीच म्हटलं. कमी वेगात मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळतात, म्हणून गाडी अरुंद जागेत चटकन फिरते. वेग वाढला की ती पुढच्यांच्याच दिशेनं वळतात आणि लेन बदलताना गाडी ठाम राहते. हे रोज उपयोगी पडतं. तसंच नाक उचलण्याचं: बटण दाबलं की गाडीचा पुढचा भाग सुमारे ४ सेंटीमीटर वर येतो. तिकडे तळघरातल्या पार्किंगच्या चढासाठी ते लागतं. पुण्यात अशी गाडी आणायची तर मी बाकी सगळ्यावर काट मारीन पण यावर नाही, कारण आमच्या गल्लीतला गतिरोधक कुठलंही बोधचिन्ह ओळखत नाही. इथे मागवायची तर आणखी एक गोष्ट: आयातकर गाडीच्या पूर्ण किमतीवर बसतो, म्हणजे त्या लाल शिलाईवरसुद्धा.

जास्त पैसे देऊन कमी वस्तू घ्यायची रीतही या गाडीच्या घराण्यात जुनी आहे. ऑक्टोबर १९७२मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ९११ कॅरेरा आरएस २.७ मांडली. शर्यतीच्या नियमासाठी ५०० विकायच्या होत्या, विकल्या गेल्या १,५८०. मूळ किंमत ३४,००० मार्क. त्यावर ७०० मार्क जादा मोजले की ‘स्पोर्ट’ पॅकेज मिळे आणि त्यात काय, तर मागची आसनं नाहीत, गालिचे नाहीत, हातटेकणी नाहीत, घड्याळ नाही, कोट अडकवायची खुंटीसुद्धा नाही. वजन उतरून ९६० किलो. दोनशे जणांनी हे ‘नाहीं’चं पॅकेज घेतलं. उरलेल्या बहुतेकांनी उलट २,५०० मार्क भरून गाडी पुन्हा घरगुती करून घेतली. आज लिलावात लोक त्या दोनशेंच्या मागे धावतात. थोड्याच वर्षांत वाद्यवृंद-संचालक हर्बर्ट फॉन कारायाननंही अशीच एक टर्बो खास करवून घेतली: १,००० किलोंच्या आत, मागच्या आसनांच्या जागी लोखंडी पिंजरा, दार आतून उघडायला हँडलऐवजी पट्टा. वाद्यवृंदात शंभर माणसं समोर बसवणाऱ्याला गाडीत दुसरं कुणी नको होतं, एवढाच मी त्याचा अर्थ लावतो.

यादी भरताना टेबलाच्या पलीकडे आणखी एक माणूस बसलेला असतो, पुढचा गिऱ्हाईक. तो अजून कुणी ठरलेलाही नसतो. चार-पाच वर्षांनी ही गाडी कदाचित विकत घेणार, बस. पण विक्रेता त्याचंच नाव घेऊन घाबरवत राहतो: हिरवी नको, विकताना त्रास होतो, सनरूफ घ्या, लोक विचारतात, आतून काळीच ठेवा. एवढा खर्च आपण करायचा आणि आवड त्या अनोळखी माणसाची सांभाळायची. म्हणून रस्त्यावर इतक्या राखाडी, काळ्या आणि पांढऱ्या ९११ दिसतात. खरं तर नमुना नेऊन दिला तर कारखाना जवळपास कुठलाही रंग करून देतो, अर्थात दाम मोजून आणि वाट बघायला लावून.

या भीतीवर मला एकच उतारा माहीत आहे. १९७४च्या ऑगस्टमध्ये पोर्शे घराण्यातल्या फेरी पोर्शे यांच्या बहिणीला, लुईझ पिएख यांना, सत्तराव्या वाढदिवशी एक चंदेरी ९११ मिळाली. पहिली ९११ टर्बो म्हणून ही ओळखली जाते. मागे मात्र ‘कॅरेरा’ लिहिलेलं, आत तांबडं चामडं आणि चौकड्याचं लोकरी कापड. लुईझबाई चित्रं काढत, डोंगर रंगवत. म्हणून समोरची काच तेवढी बिनरंगाची ठेवली, कारण हिरवट काचेतून डोंगराचा रंग खोटा दिसतो. त्या काळच्या सगळ्यात वेगवान यंत्रांपैकी एक, आणि त्यातली खास मागणी काय, तर साधी पारदर्शक काच! पुढच्या गिऱ्हाइकाला त्या काचेचं काय होतं? काहीच नाही.

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. तो म्हणाला, ‘मामा, तुझं सोड, तू लेखक आहेस,’ पण दोन दिवसांनी बदललेली यादी आली. ब्रेक साधे झाले होते. सनरूफ गेलं होतं. त्याऐवजी अठरा प्रकारे हलणारी आसनं आली होती, कारण माझी भाचेसून पाच फुटांची आहे आणि साध्या आसनावरून तिला बॉनेटपलीकडचं दिसत नाही. गाडी तीही चालवणार होती. हे इतके दिवस यादीत कुठेच नव्हतं. रंग त्यानं गडद हिरवा धरला. मागचा वायपरही घेतला. पाठीच्या त्या सुंदर उतारावर काडी चिकटवल्यासारखा दिसतो म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाला, ‘इथे पाऊस पडतो रे.’

सगळ्यात शेवटी एक पर्याय होता, फुकटचा: मागची मॉडेलच्या नावाची अक्षरं लावायची नाहीत. त्यावर त्यानं टिचकी मारली होती. संध्याकाळी त्यानं त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, व्हिडिओ कॉलवर पडद्यावरची गाडी दाखवली. तिनं चष्मा लावून ती सगळीकडून फिरवून घेतली, हिरवा रंग पसंत केला, आणि मागच्या बाजूला आल्यावर थांबली.

‘अरे, एवढे पैसे मोजलेस आणि पाटीच नाही? मग बिल्डिंगमध्ये मी काय सांगू, कुठली गाडी घेतली म्हणून?’