जालिम कोण घडवतो?

सिंह, बैल आणि दोन कोल्हे यांची गोष्ट आपल्या घरांत दोन दारांनी येते. मराठी शाळेतल्या मुलांना ती पंचतंत्रातली करटक-दमनकाची म्हणून माहीत असते, तर उर्दू वाचणाऱ्यांना कलीला आणि दिम्नाची म्हणून. संस्कृतातून पहलवीत गेलेली ही गोष्ट आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा यांनी अरबीत आणली. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचायची सवय लागली.

त्यात एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. दमनक सिंहाचे कान भरतो आणि सिंह आपल्याच मित्राला, बैलाला, ठार करतो. पंचतंत्रात दमनक सहीसलामत सुटतो. अरबी पुस्तकात मात्र पुढे एक प्रकरण वाढलेले आहे. दिम्नावर खटला चालतो, साक्षी होतात, शिक्षा होते. ही भर इब्नुल मुकफ्फा यांचीच, असे अभ्यासक मानतात. जनावरांच्या तोंडून राजांना इन्साफ सांगणारा हा लेखक स्वतः मात्र बसऱ्यात सत्ताधाऱ्यांच्या हातून मारला गेला.

आपल्या मराठीत अशा खटल्याची सर्वांत मोठी आठवण म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल. कनौजहून आलेला गरीब घाशीराम पुण्यात चोरीच्या खोट्या आळाने मार खातो, बेइज्जत होतो. तो बदला घ्यायची शपथ घेतो, पोटची मुलगी नाना फडणवीसाच्या हवाली करतो आणि कोतवाली मिळवतो. मग काल ज्याच्यावर जुलूम झाला, तोच आज शहरावर जुलूम करतो. शेवटी लोक खवळतात, नाना त्याला जमावाच्या तोंडी देतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. दगड घाशीरामला बसतात. दिम्ना इथेही सुटतो.

नाटकावर वादळ उठले, प्रयोग काही काळ बंदही पडले. हे नाटक इतिहासाचे नाही, असे तेंडुलकर सांगत राहिले. तरी ‘हे कोणाविरुद्ध आहे?’ हाच प्रश्न गाजला. मला वाटते, प्रश्न चुकला. ‘यात मी कुठे आहे?’ असे विचारायला हवे होते.

बिहारच्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑरवेलची ‘ॲनिमल फार्म’ १९४५ साली आली, तीही हेच विचारते. जनावरे जुलमी मालकाला हाकलून देतात. मग डुकरे मालक होतात आणि भिंतीवर लिहिलेले कायदे गुपचूप बदलतात. बहुतेक जनावरांना नीट वाचता येत नाही, म्हणून ती फसतात. पण तिथे एक गाढव आहे. त्याला डुकरांइतकेच चांगले वाचता येते, आणि ते गप्प राहते. इमानदार घोड्याला कसायाच्या गाडीतून नेतात, तेव्हा कुठे ते गाडीवरची अक्षरे मोठ्याने वाचते. तोवर उशीर झालेला असतो. शिक्षिका म्हणून मला डुकरांपेक्षा या गाढवाची भीती जास्त वाटते.

आपण मजलूम आहोत, ही जाणीव आपल्या घरांत पक्की आहे, आणि तिला कारणेही आहेत. पण मार खाल्लेला माणूस आपोआप इन्साफवाला होत नाही, हे घाशीराम दाखवतो. धामणगाव बढेसारख्या गावात पेशवाई नसते, पण कमिटीचा हिशेब असतो, वाटणीत बहिणीचा हिस्सा असतो, सासू झालेली कालची सून असते. वर्गात कायम मार खाणाऱ्या मुलाला मॉनिटर केले, की पट्टी सर्वांत जोरात तोच मारतो. म्हणून माझ्या वर्गात मॉनिटर दर आठवड्याला बदलतो, आणि शनिवारी मुले त्याच्यासमोरच त्याचा हिशेब मांडतात. पहिल्या शनिवारी कोणी बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी बोलतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भावाला मदत करायला सांगितले, तो जालिम असो की मजलूम. सहाबांनी विचारले, जालिमाला मदत कशी करायची? उत्तराचा आशय असा: त्याचा हात जुलमापासून रोखा, हीच त्याची मदत. घाशीरामला असा एकही भाऊ मिळाला नाही. आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या घाशीरामला तो मिळायला हवा, आणि दगड उचलले जाण्याच्या आधी मिळायला हवा.