पुरावा

मागून दुचाकी धडकली, तरी जमलेल्या गर्दीने चूक बाबांचीच ठरवली. म्हणून गाडीत पुढे-मागे डॅशकॅम बसवले. मागची वायर छताच्या अस्तराआडून नेऊन डिकीच्या रबरी नळीतून ओवण्यात अख्खा रविवार गेला. "आता पुरावा राहील," बाबा म्हणाले.

महिन्याभराने सहज क्लिप पाहिल्या. एकीत सिग्नल लाल, गाडी तशीच पुढे. मग बाबांचा आवाज, स्वतःशीच : "दिसलाच नाही."

कार्ड भरलं की कॅमेरा जुनं पुसून नवं साठवतो. ती क्लिप मी लॉक केली नाही, पुसली जाऊ दिली. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि बाबांना म्हटलं, "तोवर गाडी मी चालवतो."

त्यांनी काहीही न विचारता किल्ली दिली.