हाफ क्लच

पाव मैल म्हणजे 402 मीटर. ड्रॅग रेस एवढीच. त्यात वळण नाही, पण पहिल्या 60 फुटांत गेलेला वेळ पुढे भरून निघत नाही. आणि ते 60 फूट डाव्या हाताच्या दोन बोटांत असतात.

अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या रेस बघून मला हे वेड लागलं. माझी बाइक ड्यूक 390. आठवडाभर कोड डीबग करतो, तीच सवय इथेही लावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बंद धावपट्टीवर प्रॅक्टिसच्या दिवशी आधी साडेचार हजार आरपीएमवर पाच लॉन्च, मग साडेपाच, मग साडेसहा. प्रत्येक वेळ वहीत. कमी आरपीएमला इंजिन गुदमरतं. जास्तीला पुढचं चाक उचलतं, थ्रॉटल सोडावा लागतो. मधला आकडा सापडल्यावर मागच्या टायरची हवा. मग फोर्क वर सरकवून पुढचा भाग जरा खाली घेतला, म्हणजे चाक उशिरा उचलतं. टाकीवर पुढे झुकून बसायला मात्र पैसे पडत नाहीत.

पण खरा खेळ क्लचचा. थ्रॉटल स्थिर ठेवून क्लच झटक्यात नाही, सरकवत सोडायचा. म्हणजे हाफ क्लच.

आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा. बाबा तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. घाटात गाडी हाफ क्लचवर धरणाऱ्याला ते ड्रायव्हरच मानत नाहीत. "ब्रेकवर धर, क्लच जाळू नकोस," हे ऐकतच मी गाडी शिकलो. मी सांगून बघितलं, बाइकचा क्लच तेलात बुडालेला असतो, दोन लॉन्चच्या मध्ये थंड होऊ देतो.

"माझ्यामागे पन्नास माणसं बसायची," बाबा म्हणाले. "तुझ्यामागे कोण असतं?"

"कोणी नाही. पुढेही कोणी नसतं, म्हणून तर धावपट्टीवर जातो."

सिग्नलला शेजारचा बाइक रेझ करतो तेव्हा बोटं शिवशिवतात. पण तिथे पुढे कोणीतरी असतंच.

परवा क्लच उघडला तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले. स्टीलची प्लेट पुसून उजेडात धरली. जास्त तापली की ती निळी पडते.

"निळी नाही पडली," म्हणाले, आणि पुढची प्लेट मागायला हात पुढे केला.