जवसाला वारा लागतो

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात धान कापायच्या आधीच, बांधीत ओल आहे तोवर, उभ्या पिकात जवस फेकतात. याला उतेरा म्हणायचं. नांगर नाही, पाणी नाही. धान घरी आलं की धसकटांमधून बारीक रोपं वर येतात आणि थंडीतल्या सकाळी अख्खी बांधी निळी होते. तीही दुपारपर्यंतच, ऊन चढलं की पाकळ्या गळतात. श्रीकृष्णाचा रंग सांगताना संस्कृत कवींना हेच अतसीचं फूल का आठवलं, ते त्या वेळी बांधावर उभं राहिलं की कळतं.

आजी मंद आचेवर जवस भाजायची. बराच वेळ कढई गप्प. मग एखादं बी तडतडून चुलीपुढे उडायचं आणि पाठोपाठ सगळी कढई बोलू लागायची. लसूण, जिरं, लाल मिरच्या, मीठ घालून खलबत्त्यात कुटता कुटता चटणी काळपट, तेलकट व्हायची. भाकरीवर चटणीचा ढीग, त्यात बोटाने केलेला खळगा, खळग्यात कच्चं तेल. याहून चांगलं जेवण मला माहीत नाही. पण चटणी आठ दिवसांपुरतीच. "जास्त कुटली का वारा लागते तिले," आजी म्हणायची.

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. जवसात साधारण 40 टक्के तेल, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक ओमेगा-3. त्याला हवेतल्या प्राणवायूची फार ओढ. अख्ख्या दाण्यात ते टरफलाआड सुखरूप असतं, कुटलं की खवटायला लागतं.

हीच ओढ चित्रकारांच्या कामी आली. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवा पिऊन घट्ट होतं. म्हणून युरोपातली शेकडो वर्षांची तैलचित्रं आजही टिकून आहेत. रंगाच्या डब्यावर या तेलाची साय धरलेली पाहून फ्रेडरिक वॉल्टनला जमिनीवर अंथरायचं लिनोलियम सुचलं. 1863 मध्ये त्याने पेटंट घेतलं. भावाच्या बॅटला चोळायचं तेलही हेच. मात्र त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा कधी कोपऱ्यात टाकू नये. हवा घेता घेता त्या आपोआप तापतात, पेटही घेतात.

परवा बाजारातून जवसाच्या पुडीचं मोठं पाकीट आणलं. उघडलं तर जुन्या तैलरंगाचा वास. पाकीट बाजूला ठेवलं, वाटीभर अख्खं जवस निवडलं आणि कढई तापत ठेवली.